समितीची बोट आणि रबरी फूल

आमच्या धरणावर मोटरबोट आली ती कापसामुळे. हे मी कुणाला सांगितलं की तो मला ऊन लागलंय अशा नजरेनं पाहतो. पण ते खरं आहे.

त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिघडलं होतं. भाव पडले, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, लाल्या रोग आला, बोंडं पोसली नाहीत, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येऊ लागलं. कोणत्या कारणानं येत होतं ते इथे लिहीत नाही. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना सांगायची गरज नाही. मग मदत आली. मदतीच्या यादीत गाई होत्या, फवारणीचे पंप होते, शिलाई मशीन होत्या, आणि अगदी खाली 'जोडधंदा म्हणून जलपर्यटन' असं लिहून एक बोट होती. पऱ्हाटीवाल्यानं बोटीवर नेमकं काय करायचं, हे यादी करणाऱ्यानं लिहिलं नव्हतं.

मी तेव्हा रिकामा होतो. केळापूरकडच्या एका जिनिंगमध्ये मी बरीच वर्षं फिटर होतो. सरकी आणि रुई वेगळी करणारे रेचे, त्यांचे पट्टे, बेअरिंगा, आणि लाइन गेली की चालवायचं मोठं डिझेल इंजिन, हे माझं जग. कापूस येईना तसं मालकानं जिनिंगला कुलूप लावलं आणि मी पुसद तालुक्यात बायकोच्या गावी येऊन राहिलो. गावापासून दोन कोसांवर धरण. तिथल्या पाटबंधारे शाखेत बोट चालवायला माणूस पाहिजे, असं कळलं म्हणून गेलो.

शाखेचे साहेब तरुण होते, पश्चिमेकडून बदलून आलेले. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"डिझेल इंजिन येतं का?"

"येते, साहेब."

"पोहता येतं का?"

"नाही येत."

"चालेल. बोटीत पोहायचं नसतं," असं म्हणून त्यांनी मला रोजंदारीवर लावून घेतलं.

बोट ट्रकवर बसून समुद्रकिनाऱ्याकडून आली होती. पांढरी, वर छत, दहा खुर्च्या. मी आधी इंजिनावरचं झाकण उचललं आणि रेडिएटर शोधायला लागलो. सापडेना. ट्रॅक्टरला असतो, ट्रकला असतो, याला नव्हताच. सोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वाचनालयाची एक खोली आहे. तिथे शब्दकोश घेऊन मी ते पुस्तक पंधरा दिवसांत वाचून काढलं.

तेव्हा कळलं की हे इंजिन ज्या पाण्यावर तरंगतं तेच पाणी पिऊन थंड राहतं. बोटीच्या तळाला एक भोक. तिथून पाणी आत आलं की आधी एका जाळीतून गाळलं जातं, मग ते पंपात जातं. पंपाच्या आत रबराचं एक चक्र असतं, सहा पाकळ्यांचं, थेट फुलासारखं. ते फिरतं आणि पाणी पुढे ढकलतं. पुढे एक पितळी नळकांडं, त्यात बारीक नळ्यांचा जुडगा. त्या नळ्यांमधून धरणाचं पाणी जातं, आणि नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचं स्वतःचं कोंडलेलं पाणी फिरतं. बाहेरचं आतल्याला गार करतं आणि धुरासोबत मागच्या पाइपातून निघून जातं. म्हणून बोटीच्या मागे पाण्याची पिचकारी उडताना दिसली की समजायचं, सगळं ठीक आहे.

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. पण बोट स्वच्छ दिसली पाहिजे."

बोटीवर माझ्या जोडीला धरणावर मासेमारी करणारे एक म्हातारे भोई होते. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. धरणात कुठे खडक आहे, कुठे बुडालेल्या गावाचं जुनं झाड उभं आहे, हे त्यांना पाठ होतं. साहेबांनी त्यांना निळी टोपी दिली आणि पुढच्या टोकावर उभं केलं. त्यांचा स्वतःचा डोंगा होता, चार एकर वावरही होतं, आणि त्या वावरात पऱ्हाटीच होती.

पर्यटक काही आले नाहीत. आल्या त्या समित्या. कापसाचा अभ्यास करायला तेव्हा कुठून कुठून समित्या यायच्या. एक गेली की दुसरी. त्यांना वावरात न्यायचं म्हणजे अडचण. लोक घेराव घालतात, प्रश्न विचारतात, चिखल असतो. त्यापेक्षा बोट बरी. सकाळी स्वागत, मग जलपूजन, मग बोटीतून धरणाची पाहणी, मग जेवण. जेवण झालं की समिती गाडीत बसून झोपायची आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागायची. सगळ्या मदतीत सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू कोणती, असं मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

एवढ्या पाहुण्यांपायी बोटीत काही सुधारणा झाल्या. इंजिन तापलं की वाजणारा एक भोंगा होता. चावी फिरवली की तो नियमाप्रमाणे एकदा वाजायचा. त्या आवाजानं एक पाहुणे दचकले, तेव्हा साहेबांनी त्याची वायर काढायला लावली. बोटीसोबत दोन वल्ही आली होती. "मोटरबोटीत वल्ही ठेवणं बरं दिसत नाही, मिस्त्री," म्हणून ती गोदामात गेली. वल्ह्यांच्या जागी दोन्ही बाजूंना योजनेचं नाव लिहिलेले पत्र्याचे फलक लागले.

मी म्हटलं, "साहेब, भोंगा पाहिजे. तापलं तर कळनार कसं?"

"काटा आहे ना समोर? बघत जा."

दसरा झाल्यावर एक मोठी समिती आली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, उंच, डोक्यावर टोपी, बोलायला फार सभ्य. सोबत चार सदस्य. एकाच्या हातात वही होती. धरण तुडुंब भरलेलं होतं आणि साहेब खुशीत होते. त्यांनी जलपूजनासाठी झेंडूचे दोन पोती भरून हार आणवले होते. अध्यक्षांनी धक्क्यावर उभं राहून नारळ फोडला आणि हार पाण्यात सोडले. सदस्यांनीही सोडले. सगळे अगदी बोटीच्या कुशीला, कारण फोटोत बोट यायला हवी होती. उरलेला एक हार साहेबांनी स्वतःच्या हातानं माझ्यासमोरच्या काट्यांवर घातला आणि तिथेही फोटो काढला.

मी हळूच म्हटलं, "साहेब, हे हार जरा बाजूला सरकू द्या. बोट इथूनच पानी ओढते."

"मिस्त्री, पूजेचे हार आहेत ते. काठीनं ढोसलेले बरे दिसतील का? चला, उशीर होतोय."

मी चावी फिरवली. मागे पिचकारी उडाली, पण रोजच्यासारखी नाही. बारीक, अडखळत. मी काकाजींकडे पाहिलं, त्यांनीही मान हलवली. मी पुन्हा साहेबांकडे वळलो. ते अध्यक्षांना धरणाची साठवणक्षमता सांगत होते. हातानंच त्यांनी मला 'चल' अशी खूण केली. आणि मी निघालो. ही चूक माझीही होती. चालवणारा मी होतो, थांबायला पाहिजे होतं मी.

धरणाच्या मध्यावर गेल्यावर मला तापलेल्या रबराचा वास आला. मागे वळून पाहिलं तर पिचकारी बंद, नुसती पांढरी वाफ. मी काट्यांवरचा हार ओढून काढला. तापमानाचा काटा लाल पट्टीच्याही पुढे जाऊन टेकला होता. मी इंजिन बंद केलं.

अचानक एवढी शांतता झाली की सगळ्यांनी एकदम बोलणं थांबवलं.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"इथून दृश्य चांगलं दिसतं, सर," साहेब म्हणाले.

तेवढ्यात झाकणाच्या फटीतून वाफ वर आली आणि दृश्य दिसेनासं झालं. सदस्य उभे राहिले, बोट कलली, पुन्हा बसले. साहेब माझ्या कानाशी आले. "पाणी ओता त्याच्यावर! एवढं धरण आहे आजूबाजूला!"

"नाही, साहेब. लाल तापलेल्या लोखंडावर गार पानी टाकलं तर हेड तडकते. मंग हे इंजिन भंगारातच जाईन."

"मग रेडिएटरचं झाकण तरी उघडा."

"रेडिएटर नाही याला. अन् जे झाकन हाय ते आत्ता उघडलं तर तोंडावर उकळतं पानी येईन. निवू द्या लागते."

"किती वेळ?"

"तास, दीड तास."

साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. नारिंगी रंगाची जीवरक्षक जाकिटं खुर्च्यांखाली होती, मळू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत शिवलेली. सदस्यांनी त्या पिशव्या दातांनी फाडल्या. मीही एक घातलं, कारण मलाच पोहता येत नव्हतं.

"वल्ही आहेत का?" अध्यक्षांनी शांतपणे विचारलं.

काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "होती, साहेब. गोदामात हायेत."

ऊन चढत होतं. बोलायला विषय नव्हता. धरणाची साठवणक्षमता सांगून झाली होती. बोट हळूहळू गोल फिरत होती. मग अध्यक्ष काकाजींच्या शेजारी जाऊन बसले.

"तुम्ही इथलेच का?"

"इथलाच. मासे धरतो. वावर बी हाय चार एकर."

"काय लावलंय?"

"पऱ्हाटी. दुसरं काय लावाव?"

"यंदा कशी आहे?"

काकाजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस खरंच विचारतोय की वेळ काढतोय, हे ते तपासत असावेत. मग म्हणाले, "पाऊस लवकर गेला. आता बोंडं भरायचा टाइम हाय. एक पानी भेटलं तर पोसतीन, नाई तर कवडीसारखी राहतीन."

"पण कालवा आहे ना? धरण तर भरलंय."

"कालवा हाय. गेट उघडत नाई."

साहेबांना खोकला आला.

"का उघडत नाही?"

"दांड्याचे आटे गंजले. चार बोटं उघडते अन् जाम होते. तेवढं पानी पयल्या दहा-बारा वावरांतच जिरते. आमी शेवटाले. दोन वर्षं झाली, आमच्या नालीत बकऱ्या बसून राह्यल्या." काकाजींनी बोटीबाहेर हात घातला आणि ओंजळभर पाणी उचलून परत सोडलं. "हे तुमी ज्याच्यावर बसले ना, साहेब, हे आमचंच पानी हाय. धरनाच्या भितीच्या पल्याड माहं वावर, हाकेवर. पर येत नाई."

अध्यक्ष वहीवाल्या सदस्याला म्हणाले, "लिहून घ्या." त्यानं पेन शोधलं. पेन होतं, पण वही वाफेनं ओली झाली होती. त्यानं जलपूजनाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहिलं. साहेब मला म्हणाले, "निवालं का?" त्या तासात त्यांनी मला हे सात-आठ वेळा विचारलं असेल.

मी त्या बोटीवर कितीतरी समित्या फिरवल्या, पण शेतकऱ्याला प्रश्न विचारून त्याचं उत्तर संपेपर्यंत ऐकणारी ती एकच. अर्थात, तिला उतरून जाता येत नव्हतं.

शेवटी आम्ही दोन्ही फलक काढले. योजनेचं नाव लिहिलेल्या त्या पत्र्यांनी एकीकडून मी आणि दुसरीकडून एक सदस्य पाणी मागे ढकलू लागलो. बोट जेमतेम हलली. मग काकाजींनी तोंडापुढे हात धरून हाक घातली. लांबवर दोन डोंगे होते, ते आले. त्यांनी दोर बांधला आणि समितीला ओढत धक्क्यावर आणलं, बैल नांगराला चालतो त्या चालीनं. जेवण गार झालं होतं. अध्यक्षांनी काकाजींना नमस्कार केला आणि सगळे गेले.

साहेबांनी त्याच संध्याकाळी मला बोलावलं. महिन्याभरात आणखी एक समिती येणार होती, आधीपेक्षा वरची. "बोट चालू पाहिजे. आणि हो, रंग द्यायला लावतोय."

"रंग? बिघडलं ते इंजिन हाय, साहेब."

"तुम्ही आतलं बघा, मी बाहेरचं बघतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आतलं बघायला बसलो. आधी तेल पाहिलं. तेलात पाणी गेलं असतं तर ते दुधाळ झालं असतं आणि मग मोठं काम निघालं असतं. तेल काळंच होतं. जीव भांड्यात पडला. मग जाळी उघडली. आत झेंडू. नुसता झेंडू! पाकळ्या, दोरे, देठ, नारळाच्या शेंड्या, सगळं मिळून असा घट्ट गोळा झाला होता की चिमट्यानं ओढून काढावा लागला. पाणी यायला जागाच नव्हती. पाणी आलं नाही म्हणून पंपातलं रबरी फूल कोरडं फिरलं, आणि कोरडं फिरलेलं रबर टिकत नाही. पंप उघडला तर सहापैकी तीन पाकळ्या गायब.

काकाजी शेजारी बसून पाहत होते. "तीन गेल्या कुठी?"

"पुढं गेल्या. त्या शोधल्याबिगर नवं फूल लावून फायदा नाई. नळ्यांच्या तोंडावर जाऊन बसतीन अन् पुन्हा तापवतीन."

एक तुकडा पंपाच्या पुढच्या पाइपातच सापडला. दुसरा वळणावर. तिसऱ्यासाठी पितळी नळकांड्याचं झाकण काढलं. बारीक नळ्यांमध्ये पाकळ्यांचा चिखल आणि गाळ बसला होता. तार घालायची सोय नव्हती, नळी फाटली असती. काकाजी घरी गेले आणि फवारणीचा पायपंप घेऊन आले, मदतीच्या यादीतूनच मिळालेला. मी तो तीनदा सोड्याच्या पाण्यानं धुवून घेतला, कारण त्यात औषध होतं. मग काकाजी पायानं दाब देत राहिले आणि मी उलट्या बाजूनं, एकेका नळीत पाण्याची धार सोडत गेलो. दुपारी कधीतरी पलीकडच्या टोकातून रबराचा काळा तुकडा उडून काकाजींच्या धोतरावर पडला.

"भेटली रे पाकळी!" ते ओरडले. मी तिन्ही तुकडे जुन्या फुलाला लावून पाहिले. सहा पाकळ्या पूर्ण झाल्या.

थर्मोस्टॅट राहिला होता. इंजिनातलं पाणी ठरावीक तापलं की उघडणारं हे छोटं दार. एकदा एवढं तापल्यावर ते अडकून बसू शकतं. ते मी काकाजींच्या घरी नेलं. काकूंनी चुलीवर पाणी ठेवलं होतं, त्यात दोरीला बांधून सोडलं.

"काय शिजवून राह्यले, भाऊ?" काकूंनी विचारलं.

"सरकारी बोटीचं काळीज."

पाणी उकळायच्या आधी ते दार अलगद उघडलं, बाहेर काढल्यावर मिटलं. ठीक होतं. काकूंनी त्या पाण्याचा चहा केला नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो.

मागचा जळालेला रबरी पाइप मी बदलला आणि साहेबांकडे दोन कागद दिले. एक अहवाल: 'पूजेचे हार पाण्यासोबत ओढले गेल्याने जाळी बंद झाली.' दुसरी मागणी: 'पंपाकरिता रबरी फूल, एक नग.'

अहवाल वाचून साहेब म्हणाले, "असं लिहिता येत नाही. जलपूजन कोणाच्या हस्ते झालं, माहीत आहे ना? 'अतिउष्ण हवामान' लिहा."

"थंडी पडून राह्यली, साहेब."

"मग 'तांत्रिक कारण' लिहा."

तसं लिहिलं. मागणी वरच्या कार्यालयात गेली आणि आठवड्यानं परत आली. तिच्यावर लाल शाईत शेरा होता: 'फुले ही बाब सत्कार व हारतुरे या शीर्षाखाली येते. कार्यक्रमाची तारीख व प्रमुख पाहुण्यांचे नाव नमूद करावे. एकच फूल का, याचा खुलासा करावा.'

मी तो कागद काकाजींना वाचून दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग नाव सांग ना पाहुन्याचं."

मला पटलं. मी नवा कागद घेतला. 'फूल' काढून पुस्तकातला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला, 'इम्पेलर', आणि वर ठळक अक्षरांत ओढलं: 'मा. समितीच्या आगामी दौऱ्याकरिता तातडीचे.' चौथ्या दिवशी वस्तू जीपनं घरपोच आली. सोबत, न मागता, आणखी दोन.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते आधी काकाजींच्या डोक्यात आलं होतं, असं मला आता वाटतं. गेटच्या दुरुस्तीचा प्रस्ताव दोन वर्षांपासून कुठल्याशा टेबलावर पडून होता, कारण गेट यांत्रिकी शाखेचं, पाणी आमच्या शाखेचं आणि गंज कुणाचाच नव्हता. पण बोटीसाठी मागितलेलं सगळं येत होतं. मी पुन्हा लिहायला बसलो. 'बोटीच्या कूलिंग सिस्टिमकरिता: ग्रीस, दहा किलो. गंज सोडवण्याचे तेल, पाच लिटर. साखळीची कप्पी, एक. तारेचे ब्रश, सहा.' आणि वर तीच ओळ, ठळक.

इंजिन थंड करायला दहा किलो ग्रीस कशाला लागतं, हे एकानंही विचारलं नाही. सगळं आलं.

आधी मी बोटीचं काम संपवलं. नवं फूल बसवलं, कोंडलेलं पाणी भरलं, बोट धक्क्याला बांधून अर्धा तास इंजिन चालवलं. मागे मनगटाएवढी पिचकारी उडाली आणि काटा मध्यावर येऊन थांबला. भोंग्याची वायरही जोडली. साहेबांना ते सांगितलं नाही.

आणि मग साहेब आठ दिवसांसाठी बाहेरगावी प्रशिक्षणाला गेले. विषय होता पाणी व्यवस्थापन.

पहिल्याच सकाळी मी, काकाजी आणि शेवटच्या वावरांतले चौघे गेटवर गेलो. आम्ही कुठलाही नियम मोडला नाही, हे मला सांगायचंच आहे. पाणीपाळी सुरू होती, आणि शाखेच्या वहीत ते गेट दोन वर्षांपासून पूर्ण उघडं होतं. आम्ही फक्त लोखंडाला वहीप्रमाणे वागायला लावणार होतो. तीन दिवस दांड्यावर तेल सोडलं, ब्रशनं आटे घासले, ग्रीस चोपडलं, पुन्हा घासलं. चौथ्या दिवशी कप्पी लावून ताण दिला. गेटच्या चाकावर मी आणि एक जण. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काहीतरी कडकन वाजलं. मला वाटलं, दांडा मोडला आणि आता आपली नोकरी गेली. पण चाक फिरलं होतं. अर्धा आटा. मग पूर्ण. मग एकेक करत वितभर, हातभर. खालून पाण्याचा आवाज बदलला, जाड झाला.

काकाजी चपला हातात घेऊन कालव्याच्या कडेकडेनं पाण्यासोबत चालायला लागले. मीही मागे गेलो. नालीत बसलेल्या बकऱ्यांना एका बाईनं हाकललं. पाणी पुढे वाळलेला पालापाचोळा ढकलत, मातीत जिरत, थांबत, पुन्हा चालत होतं. आम्हाला त्याच्या पुढे जायची काही घाई नव्हती. त्यांच्या बांधावर पोचायला दुपार झाली. काकू विळा घेऊन उभ्या होत्या. पाणी पऱ्हाटीच्या पहिल्या सरीत शिरलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "इतकं जवळ होतं व माय." आणि पदर तोंडाला लावला.

साहेब परत आले तेव्हा कालवा भरून वाहत होता. ते गेटजवळ उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. मला काही विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

नवी समिती आली. बोटीला ताजा रंग होता, जलपूजनही झालं, पण हार यावेळी मी आदल्या दिवशी काकाजींना सांगून धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले होते. इंजिन घड्याळासारखं चाललं, त्यामुळे मध्येच कुणाला कुणाशी बोलावं लागलं नाही.

आधीच्या समितीचा अहवाल उन्हाळ्यात आला. शाखेत एक प्रत होती, ती मी वाचली. कापसावर बरीच पानं होती. आमच्या धरणाबद्दल दोन शिफारशी होत्या: बोटीवर वल्ही ठेवावीत, आणि पर्यायी व्यवस्था म्हणून दुसरी बोट घ्यावी. निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहिलेलं कुठे गेलं, माहीत नाही. अध्यक्षांनी ते लिहिलं असणार आणि पुढे कुणीतरी काढलं असणार, असं मी मानतो. तो माणूस मला खोटा वाटला नव्हता.

साहेबांना त्या वर्षी शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचवल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी काचेत बसवून टेबलामागे लावलं. त्याच आठवड्यात मला मेमो आला: बोटीच्या कूलिंग सिस्टिमसाठी घेतलेल्या दहा किलो ग्रीसचा वापर कुठे झाला, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

मी विहारातल्या त्याच खोलीत बसून खुलासा लिहिला. खूप विचार केला आणि शेवटी एकच ओळ ठेवली: 'ग्रीस जिथे लागत होते तिथे लावले, तेव्हापासून तापण्याची तक्रार नाही.'

त्याला उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात केळापूरकडची जिनिंग पुन्हा सुरू झाली, मालकानं निरोप धाडला आणि मी तिकडे गेलो. बोट काही वर्षं चालली म्हणतात. गेट उघडलं त्या साली काकाजींनी चार वेचे कापूस वेचला. एक पिशवीभर त्यांनी माझ्या बायकोकडे पोचवला, गादीसाठी. तो मी स्वतःच्या हातानं पिंजला. धागा आखूड होता, पण कापूस पांढरा होता.